आधी कोण गेलं

माझ्या कादंबरीत शेवटच्या रात्री नवरा-बायको दोघेही मरतात. सकाळी तो ओसरीवर सापडतो आणि ती विहिरीत. कोणी कोणाला मारलं हे मी मुद्दामच लिहिलेलं नाही. शेवटचं वाक्य असं आहे : ‘त्या रात्री आधी कोणाचा दिवा विझला, हे फक्त त्या विहिरीला ठाऊक.’ हे वाक्य मला फार आवडायचं. पुढे त्या वाक्यापायी माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न अडलं, आणि आमच्या घरात ते कोणी उच्चारेनासं झालं.

माझे वडील कुंभकोणमला शिवणकाम करतात. मुख्यतः शाळांचे गणवेश. आई काजं-बटणं करते. आमच्या घराण्यात कॉलेजात कोणी गेलेलं नव्हतं. मी गेले, इतिहास घेऊन पदवीधर झाले आणि आता एका शाळेत इतिहासच शिकवते. त्या शाळेचे गणवेश वडीलच शिवतात, त्यामुळे वर्गात उभी राहिले की समोर सगळं आमच्या घरचंच काम बसलेलं दिसतं. माझं पदवीचं प्रमाणपत्र देवघरात विठोबाच्या शेजारी आहे. आईने पहिल्याच दिवशी देवाबरोबर त्यालाही हळदकुंकू लावलं. खालची सही त्यामुळे आता वाचता येत नाही, पण वडील म्हणाले, सही पुसली म्हणोन विद्या पुसत नाहीं.

आम्ही घरी मराठी बोलतो आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. आमची मराठी पुण्याच्या माणसाने ऐकली तर तो आधी हसतो आणि मग हळवा होतो, कारण आम्ही अजून ‘तें’ आणि ‘नाहीं’ नाकातून म्हणतो. वाचण्याचं म्हणाल तर देवळातल्या अभंगांच्या वह्यासुद्धा तमिळ लिपीत असतात. देवनागरी मी हिंदीच्या परीक्षांसाठी शिकले. पुस्तकी मराठी पुण्याच्या एका निवृत्त शिक्षिकेने टपालाने शिकवली. माझे निबंध त्या तांबड्या शाईने दुरुस्त करून परत पाठवायच्या. त्यांचे उपकार लिहायला बसले तर पुढचं राहूनच जाईल.

एवढं शिकल्यावर काहीतरी लिहिलं पाहिजे असं मला प्रामाणिकपणे वाटू लागलं. विषयाची निवड ग्रंथालयाने केली. तिथे एका कपाटात परदेशी कादंबऱ्यांची तमिळ भाषांतरं होती आणि त्या सगळ्यांत एक मोठं घर, एक बंद खोली, एक वादळ आणि मेणबत्ती घेऊन जिन्यावरून चालणारी एक बाई असायची. ती बाई ‘उघडू नको’ म्हटलेलं दार उघडायची. बाईला काळोखात चालवलं की साहित्य होतं, असा माझा समज झाला. आमच्याकडे, तंजावरला, मराठ्यांचं राज्य होऊन गेलेलं, म्हणजे इतिहासही घरचाच होता. मग मी मराठ्यांच्या अमदानीतला एक अंमलदार घेतला, त्याची बायको घेतली, आणि तिला काळोखात चालवायला सुरुवात केली.

अडचण काळोखाची होती. आम्ही वाढलो त्या दोन खोल्यांत रात्री उठलं तर शिलाई मशीनला अडखळायला होतं, रहस्याला जागा नाही. धुकं आमच्याकडे मार्गळी महिन्यात, डिसेंबर-जानेवारीत, पहाटे थोडं पडतं आणि सकाळची कापी, म्हणजे कॉफी, होईपर्यंत जातं. तरी मी सोडलं नाही. स्वामीमलैचे मूर्तिकार ओततात तशी हातात दिवा घेतलेली पंचधातूची बाई मी अंमलदाराच्या माजघरात उभी केली आणि तिची सावली पाडली. काचेचे खडे जडवलेलं एक चित्र भिंतीवर लावलं आणि त्यातल्या कृष्णाला नायिकेकडे बघायला लावलं. वटवाघळं घातली. एवढं झालं तरी विहीर मिळत नव्हती. मला अशी विहीर हवी होती की जिच्यात पडलेली बाई घरातल्या घरात नाहीशी होईल.

वडील म्हणाले, जवळच साक्कोट्टै गावात आपल्यातलं एक घर आहे, त्यांची विहीर स्वयंपाकघराला लागून आहे, भिंतीतल्या खिडकीतून पाणी ओढतात. मी अभ्यासासाठी तिथे जायचं ठरवलं. एकटी मुलगी विहीर बघायला गेली तर लोक काय म्हणतील, म्हणून आईने धाकट्या बहिणीला बरोबर दिलं.

घर बघून माझी निराशा झाली. फिकट हिरवा रंग, खाली टाईल्स, आणि विहिरीशेजारी कपडे धुण्याचं मशीन. विहिरीवर लोखंडी जाळी होती आणि जाळीवर वडे सांडगे वाळत होते. मी तरी वाकून आत बघितलं आणि अंगावर काटा आणायचा प्रयत्न केला. बहीण मागे उभी राहून त्या घरच्या मुलाशी बोलत होती. तो आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रात नोकरीला आहे. त्याने दोघींना ताक दिलं. विहीर किती खोल आहे, जुनी किती, हे मी विचारत होते आणि तो उत्तरं माझ्या बहिणीला देत होता.

कादंबरी पुण्याच्या एका लहान प्रकाशकाने छापली. त्या माणसाची मी ऋणी आहे. त्याने फोनवर एवढंच सांगितलं होतं, “मॅडम, काळोख थोडा वाढवा.” मी वाढवला. पुस्तक हातात आलं तेव्हा कव्हरवर विहीर होती, केस सोडलेली बाई होती, आणि खाली तांबड्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘सत्यघटनेवर आधारित’. मी फोन केला.

“अहो, यात सत्य काहीच नाही.”

“मॅडम, तुमच्याकडे मराठ्यांचं राज्य होतं की नाही?”

“होतं.”

“मग झालं की!”

मला ते पटलं. मी इतिहासाची पदवीधर आहे, राज्य खरोखरच होतं.

गावात आमच्या लोकांना वडिलांनी पुस्तकं वाटली. कोणालाही देवनागरी येत नसल्यामुळे पुस्तकाचं कौतुक फार झालं. एकाने ते देवघरात ठेवलं. इकडे त्याच काळात साक्कोट्टैच्या घरून माझ्या बहिणीला मागणी आली. मुलाने घरी सांगितलं होतं, ती विहीर बघायला आलेली मुलगी. घरच्यांनी विचारलं, वाकून बघत होती ती? तो म्हणाला, नाहीं, बघत नव्हती ती. सगळं जुळलं. बहिणीने आधी आलेली तीन स्थळं नाक मुरडून उडवून लावली होती. ह्या वेळी ती आरशासमोर जास्त उभी राहू लागली तेव्हा आम्ही काय ते समजलो.

लग्नासाठी मुलाची आत्या चेन्नईहून महिनाभर आधी माहेरी आली. ह्या आत्यांनी लहानपणी हिंदीच्या सगळ्या परीक्षा दिल्या होत्या. त्यांना देवनागरी येत होती. दुपारी जेवणं झाली की त्या माझी कादंबरी उघडून बसायच्या, घरच्या बायका शेंगा निवडत समोर बसायच्या, आणि आत्या माझी पुस्तकी मराठी आमच्या मराठीत करून मोठ्याने सांगायच्या. एवढ्या लक्षपूर्वक ती कादंबरी आजवर दुसऱ्या कोणी वाचलेली नाही. त्या वेळी मला हे कळलं असतं तर मी कृतज्ञतेने रडले असते.

कळलं ते वेगळ्या रीतीने. मुलाच्या आईचा फोन आला. पत्रिका छापायला देऊं नका, तुमच्या थोरलीला घेऊन या.

आम्ही तिघी गेलो, आई, बहीण आणि मी. पुढच्या खोलीत चटईवर घरच्या चार-पाच बायका बसल्या होत्या. मधोमध आत्या, आणि आत्यांच्या मांडीवर माझी कादंबरी. तिच्या पानांत खुणेसाठी विड्याची पानं घातलेली होती.

आमच्याकडची रीत इथे सांगायला हवी. घरात लग्न निघालं की त्या घरातल्या ज्या बायका नवऱ्याच्या आधी गेल्या, कुंकू लावून गेल्या, त्यांना लग्नाआधी एखाद्या दिवशी जेवायला बोलवायचं. जिवंत सवाष्णी पंगतीला बसतात, आणि एक पान गेलेल्यांचं मांडतात. त्यांच्यासाठी नवं लुगडं ठेवतात, ते घरच्या लेकीने नेसून त्या पानावर जेवायचं. एखादीला बोलवायचं राहिलं तर ती रागावते आणि लग्नात विघ्न आणते. आणि जी नवऱ्याच्या मागून गेली, तिला ह्या पानावर जागा नाही. चुकून तिला बसवलं तर बाकीच्या रागावतात. मला ही रीत माहीत होती. तिचा आणि माझ्या कादंबरीचा काही संबंध असेल हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आत्यांनी पुस्तक वर करून कव्हर दाखवलं.

“ही विहीर आमची ना?”

“हो, आत्या.”

“सत्यघटनेवर आधारित. तूंच लिहिलंस?”

“ते प्रकाशकाने...”

“विहीर आमची, घटना सत्य. म्हणजे बाईही आमचीच झाली.” त्यांनी सगळ्यांकडे बघितलं. सगळ्यांनी माना हलवल्या. “मग आतां सांग. नवरा आधीं मेला कीं ती?”

मी म्हणाले की कादंबरीत ते मुद्दाम सांगितलेलं नाही.

“मुद्दाम?”

“म्हणजे ते वाचकाने ठरवायचं असतं.”

“बरं. आम्ही वाचकच. ठरवायला बसलों आहों चार दिवस. ही म्हणते ती आधीं,” त्यांनी एका काकूकडे बोट केलं, “ती म्हणते तो आधीं. काल दोघी एकमेकींशीं बोलल्या नाहींत.”

“आत्या, ती बाई नव्हतीच. मी मनाने लिहिली.”

“मनाने कोण विहिरीत पडतो?” काकू म्हणाल्या.

मुलाच्या आईचा चेहरा खरोखरच उतरला होता. लग्न ठरल्यापासून त्यांच्या घरी मिक्सर जळला होता, मुलाला ताप येऊन गेला होता, आणि सोनाराने तारीख चुकवली होती. त्या माझ्या आईला म्हणाल्या, “विहीणबाई, मी वाईट वाटून घेत नाहीं. पण एक बाई दारांत उपाशी उभी आहे आणि मी लग्नाचा मुहूर्त कसा धरूं? तिला पान वाढावं तर ती विधवा निघाली मग? बाकीच्यांचं काय करूं?”

मला वाटलं, प्रकाशकाने स्पष्ट सांगितलं तर पटेल. मी फोन लावून स्पीकरवर ठेवला आणि परिस्थिती समजावली. तो आनंदला. म्हणाला, “वा! लेखनाची ताकद म्हणतात ती हीच.”

आत्या फोनपाशी वाकल्या. “अहो, आधीं कोण मेलं?”

“नमस्कार मावशी. बघा, ती संदिग्धता हाच या कादंबरीचा आत्मा आहे.”

“आत्मा कोणाचा, त्याचा कीं तिचा?”

मग तो म्हणाला की तो मीटिंगमध्ये आहे.

आत्यांनी पुस्तकातलं शेवटचं विड्याचं पान काढलं आणि माझं आवडतं वाक्य आमच्या मराठीत वाचलं. “‘फक्त त्या विहिरीला ठाऊक.’ छान. विहिरीला विचारूं आतां? जा ग, जाळी काढ.” सगळ्या हसल्या, मुलाची आई सोडून. मग आत्या मला म्हणाल्या, “पोरी, तूं शिकलेली आहेस. तूं केलेली गांठ तूंच सोडव. लुगडं आणायचं कीं नाहीं, एवढंच सांग.”

परतीच्या बसमध्ये बहीण खिडकीशी बसली. मग एकदम बोलली. उंबऱ्याबाहेर आम्ही तमिळ बोलतो, त्यामुळे पुढचं सगळं बसला कळलं.

“अक्का, तिला आधी मार.”

“हळू बोल.”

“का हळू? तूच तर मारणार आहेस. आधी तिला, मग त्याला. एका रात्रीचं तर काम आहे.”

पुढच्या बाकावरची फुलवाली वळली. “कोणाला, सासूला?”

“नाही हो, पुस्तकातल्या बाईला.”

“मग मार की,” फुलवाली मला म्हणाली. “ह्या मुलीचं तोंड बघ कसं झालंय.”

मी बहिणीला समजावायचा प्रयत्न केला. दोनशे पानं त्या बाईने सोसलं होतं. नवऱ्याने तिचे दागिने काढून घेतले, माहेरची पत्रं जाळली, तिला माळ्यावर कोंडलं. ती त्याच्या आधी मेली तर शेवटी त्याने तिला मारलं असं होतं. तिने सूडच घेतला नाही असं होतं. मला, खरं सांगायचं तर, तिने त्याला दुधातून विष दिलं असावं असं मनातून वाटायचं. म्हणूनच मी वाक्य अर्धवट ठेवलं होतं. दार पूर्ण उघडायचं धैर्य नव्हतं, पण फट ठेवली होती.

“म्हणजे तिने सूड घेतला तर ती विधवा,” बहीण म्हणाली.

“हो.”

“आणि नाही घेतला तर तिला लुगडं.”

“हो.”

“मग लुगडं घे म्हणावं तिला आणि मला मोकळी कर.” आणि ती रडायला लागली. इतर वेळी ती रडली की मी तिला हसवते. त्या दिवशी मला सुचलं नाही. तिला तो मुलगा खरोखरच हवा होता, आणि त्याच्या आईची भीतीही खरीच होती. खोटी फक्त मी लिहिलेली बाई होती, आणि सगळं तिच्यावर अडलं होतं.

घरी आईने निकाल एका वाक्यात दिला. “सूड घेऊन मिळालं काय तिला? पानसुद्धा नाहीं.” वडील मशीनवरून उठले नाहीत. त्यांनी कादंबरी वाचलेली नव्हती, त्यांना वाचता येत नाही. ते म्हणाले, “तूं ठरव. आम्हांला त्यांतलं कळत नाहीं. तूं लिहिलंस म्हणजे नीटच लिहिलं असशील.” हे ऐकून मला जे वाटलं ते मी इथे लिहीत नाही. माझ्या पदवीचा त्या घटकेला उपयोग एवढाच होता की ज्याने ती मिळवून दिली त्याच्यासमोर मला मान खाली घालावी लागली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून सुटल्यावर मी एकटीच साक्कोट्टैला गेले. आत्या पुढच्या दारात अबोलीचे गजरे करत होत्या.

“ती आधी गेली,” मी म्हणाले.

“नक्की?”

“नक्की.”

“किती आधीं?”

“थोडीच आधी.”

“थोडी चालते.” त्यांनी दोऱ्याला गाठ मारली. “कुंकू होतं कपाळावर?”

“होतं.”

“पाण्यांत पुसलं गेलं असेल म्हणून कोणी विचारलं तर?”

“मेल्यावर पुसलं गेलं, आत्या. मरताना होतं.”

“सेरि, ठीक.” मग त्यांनी तिला काय आवडायचं ते विचारलं, कारण पानावर आवडीचं एक तरी वाढावं लागतं. दोनशे पानांत मी तिला काही खायला दिलंच नव्हतं. एक विषाचा पेला होता तेवढाच, आणि तोही तिने घेतला की नाही ते संदिग्ध होतं.

“पहिल्यापासून शेवटपर्यंत बाई जेवलीच नाहीं?” आत्या म्हणाल्या. “अशी हिंडते काळोखांत, दारं उघडते, आणि पोटांत कांहीं नाहीं? म्हणून तर तिला सावल्या दिसतात.”

मी घाईने सांगितलं, तिला डांगर पचडी, आमच्याकडची उडदाच्या पिठाची दह्यातली कोशिंबीर, आवडायची. ती मला आवडते.

जेवणाचा दिवस ठरला. मुलाच्या आईने आम्हालाही बोलावलं, कारण बाई आणली होती मीच. सकाळपासून घरात तळणीचा वास होता. वडे झाले, पायस झालं, सांबार झालं, डांगर पचडी झाली. सवाष्णी पंगतीला बसल्या. भिंतीशी गेलेल्यांचं पान मांडलं होतं आणि त्याच्यासमोर पाटावर तांबडं लुगडं, वर गजरा आणि आरसा. कादंबरीही तिथेच ठेवली होती. मुलाच्या आईने तिलाही हळदकुंकू वाहिलं. कव्हरवरच्या बाईच्या सोडलेल्या केसांवर कोणीतरी अबोलीचं फूल ठेवलं, तेव्हा ती बरीच सुधारल्यासारखी दिसली.

लुगडं नेसायचा मान घरच्या लेकीचा, म्हणजे आत्यांचा. त्यांनी ते उचललं, पोत बघितला, आणि आतल्या खोलीत गेल्या. माझी आई माझ्या कानाशी लागली, “आतां समजलं मज. चांगलं लुगडं हवं होतं हिला. त्याच्यासाठीं हा सगळा खेळ.” मला ते खरं वाटलं. एका लुगड्यासाठी माझ्या कलेचा जीव घेतला म्हणून मनातून मी रागावलेही.

आत्या नेसून आल्या आणि त्या पानावर बसल्या. नमस्कार करताना जिच्यासाठी जेवायचं तिचं नाव मनात घ्यायचं असतं. मी पायस वाढायला वाकले होते, आणि आत्यांचे ओठ माझ्या कानापासून वीतभर होते. त्यांनी नाव घेतलं. ते माझ्या नायिकेचं नव्हतं. माझ्या नायिकेचं नाव लांब आणि भारदस्त आहे, मी ते शोधायला आठवडे घालवले होते. आत्यांनी घेतलं ते दोन अक्षरी होतं, कुठल्याही घरात मुलीला ठेवतात तसं.

त्या सावकाश जेवल्या. सगळं खाल्लं. डांगर पचडी दोनदा मागितली. जेवण झाल्यावर मुलाच्या आईने माझ्या आईला गूळ दिला आणि मुहूर्ताचं बोलणं पुन्हा सुरू झालं. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच मोकळा दिसत होता. माझी बहीण आत पोळ्यांच्या डब्याशी उभी राहून उगाच झाकण उघडत-लावत होती.

आत्या हात धुवायला मागे गेल्या. मीही पाण्याचा तांब्या घेऊन गेले. विहिरीशेजारी मशीन गरगरत होतं, कोणाच्या तरी चादरी धुऊन निघत होत्या.

“आत्या, तुम्ही दुसरंच नाव घेतलंत.”

“कान तीक्ष्ण आहेत तुझे.” त्या हात पुढे करून उभ्या राहिल्या. मी पाणी घातलं. “तुझी बाई खोटी आहे तें मज पहिल्या दिवशींच कळलं. आमच्या घरांत वटवाघळं? माळ्यावर आमच्या लोणच्याच्या बरण्या असायच्या. तिथें कोंडली असती तर सगळं लोणचं खाऊन बसली असती.”

“मग?”

“आमच्या अप्पांना माझ्या आईच्या आधीं एक बायको होती.” त्यांनी तोंडावर पाणी घेतलं. “ती माहेरीं गेली आणि परत आली नाहीं. असं म्हणतात. आमच्या घरीं असंच म्हणतात. आतां माहेरीं गेलेल्या बाईला पान कोण वाढणार? पान मेलेल्यांना असतं.”

मी तांब्या तिरका धरून उभी होते आणि पाणी माझ्याच पायावर पडत होतं.

“माझी आई ह्या विहिरीचं पाणी कधीं प्याली नाहीं,” त्या म्हणाल्या. “स्वयंपाकघरांत खिडकी, खिडकींत विहीर, आणि ही देवळाच्या तळ्यावरून घागर आणायची. मरेपर्यंत. मी विचारलं तर म्हणायची, मज हें पाणी मानवत नाहीं. अप्पा काहीं बोलायचे नाहींत. घरांतलीं इतकीं लग्नं झालीं, दर वेळीं सगळ्यांना पानं झालीं, आणि तिचं नांव कोणी काढलं नाहीं. काढायचं तर आधीं ती मेली म्हणावं लागतं. मग कशी मेली तें आलं.”

माझ्या ग्रंथालयाने मला शिकवलं होतं की अशा वेळी वीज चमकते. मशीन थांबलं आणि टिंग टिंग वाजलं, एवढंच झालं. मला विचारायचं पुष्कळ होतं. नाव काय, वय काय, कोणी पाहिलं, कोणी काय केलं. नाव तर मी ऐकलंच होतं, पण ते इथे लिहीत नाही, ते त्या घरचं आहे. बाकीचं माझ्या तोंडून निघेना. दोनशे पानं मी हीच दारं धडाधड उघडत आले होते.

“आत्या, हे मी लिहू शकते का?” शेवटी एवढंच विचारलं. मला त्याची लाज वाटली, पण विचारलं.

आतून मुलाच्या आईने हाक मारली, अहो, या ना, तारीख धरायला तुम्ही हव्यात. आत्यांनी तांबड्या लुगड्याच्या पदराला हात पुसले. नवं लुगडं, पाणी टिपत नव्हतं, त्या पुसतच राहिल्या.

“लिही,” त्या म्हणाल्या. “पण अर्धवट ठेवूं नको. ती आधीं गेली. अप्पा मागाहून पुष्कळ वर्षें जगले.”